बांध आणि बाग

खारेपाटात वाढलेल्या माणसाला बागेची ओढ लागते कुठून, असं मला अनेकांनी विचारलं आहे. प्रश्न रास्त आहे. डोलवी, वडखळ, धरमतर हा खाडीकाठचा पट्टा काही झाडांसाठी ओळखला जात नाही. इथली शेतजमीन समुद्राकडून मिळवलेली आणि रोज राखावी लागणारी. बाहेरकाठा, म्हणजे खाडीकडचा बांध, धड असेल तोवर आत भात. उधाणाच्या रात्री त्याला खांड गेली, म्हणजे तो फुटला, की पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं तिथे रोप धरत नाही. विहिरींचं पाणी मचूळ, चैत्रात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा, पलीकडे मिठागरं, त्यापलीकडे तिवरं. माझ्या लहानपणी आमच्या घराची सगळी हिरवाई म्हणजे मागच्या दारचा शेवगा, पुढच्या दारची तुळस आणि बांधावरचं भेंडीचं एक वाकडं झाड. कोणाकडे आंबा धरला तर तो बघायला माणसं जात.

पण बागेची ओढ मला लागली ती याच जमिनीमुळे, असं आता वाटतं. खारेपाटात प्रत्येकाला एक गोष्ट न शिकवता कळते: हिरवं काही दिसलं, की त्याच्यामागे कोणीतरी बांध घालून बसलेला असतो. भाताचा एकेक दाणा बांधाच्या हवाली असतो आणि बांध गावाच्या. पूर्वी पावसाळ्याआधी घरटी एक माणूस मातीच्या कामाला निघायचा. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, फळ्या बघायच्या, खेकड्यांनी पाडलेली भोकं बुजवायची, खचलेल्या जागी चिखलाचे गोळे हातोहात पुढे द्यायचे. माझं शेत आत आहे, मला काय त्याचं, असं म्हणायची सोय नव्हती. पुढे मी मुंबईत आणि पुण्यात बागा पाहत हिंडलो, तेव्हा तिथेही माझी नजर आपोआप आधी बांध शोधू लागली. हे पाणी कुठून येतं, ही माती कोणी आणली, हे झाड तोडायला निघाले तेव्हा आडवं कोण आलं? या पुस्तकात बागांची वर्णनं आहेत, पण ती या प्रश्नांच्या मागोमाग आलेली आहेत.

पहिली बाग मी पाहिली ती वडिलांमुळे. ते माझगावच्या गोदीत कामाला होते. आमच्या भागातली शेकडो माणसं तेव्हा मुंबईत अशीच राहत: गावकऱ्यांची एक खोली, तिच्यात पाळ्या लावून झोपणारे दहा-बारा जण, भिंतीवर खुंट्या आणि खुंटीगणिक एकेकाचा संसार. जेवायला खानावळ. रात्रपाळीचे झोपलेले असले, की बाकीच्यांनी खोलीबाहेर राहायचं. मग रविवारी ही माणसं जाणार कुठे? ती राणीच्या बागेत जात. वडील सांगायचे, की पावसाळा सोडला तर गावकीचा सगळा कारभार त्या बागेतच चाले. कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, वर्गणी किती काढायची, कोणाचं शेत खांडीत गेलंय, हे तिथे एका झाडाखाली बसून ठरे. लिहिता येणारा एखादा जण इतरांची पत्रं लिहून देई. मुंबईत त्यांच्या मालकीची वीतभर जागा नव्हती, पण रविवारची ती सावली त्यांना कोणी नाकारली नाही. सार्वजनिक बाग म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

मी आठ वर्षांचा असताना वडील मला पहिल्यांदा घेऊन गेले, ते धरमतरहून लाँचने. खाडीचा गढूळ पट्टा हळूहळू रुंद होत गेला, तिवरं मागे पडली आणि मोठ्या पाण्यात आल्यावर लाँच हेलकावे खाऊ लागली, एवढं आठवतं. भाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा मासळीचा आणि डिझेलचा वास एकदम अंगावर आला. तिथून बाग फार लांब नाही. जुन्या काळी याच पाण्याने नागोठण्यापर्यंत आगबोट येई आणि मुंबईचे साहेबलोक तिथे उतरून पुढे महाबळेश्वरला जात. म्हणजे आमची खाडी ही मुंबईचं मागचं दार होती. त्या दारातून आम्ही आत शिरलो.

बागेत शिरल्यावर वाघ-सिंह बघायला मी धावणार, तोच वडिलांनी मला हाताला धरून दुसरीकडे वळवलं. संग्रहालयाच्या बाजूला काळ्या दगडाचा एक मोठा हत्ती उभा होता. भेगा सांधलेला, झिजलेला, तरी भक्कम. वडील त्याच्यापाशी थांबले आणि एवढंच म्हणाले, "आपलाच हाय तो. घारापुरीचा."

त्या वाक्याचा अर्थ कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. घारापुरी बेट आज रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा किनाऱ्याजवळ त्यांना हा दगडी हत्ती दिसला आणि त्याच्यावरून त्यांनी बेटाचं नावच एलिफंटा ठेवलं. १८६४मध्ये हा हत्ती इंग्लंडला नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी तुटली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या या बागेत आणून ठेवले. पुढे १९१४मध्ये ते एकमेकांना जोडून हत्ती पुन्हा उभा केला गेला. आज बागेत येणारी बहुतेक माणसं त्याच्याजवळून पुढे जातात. त्यांची चूक नाही, जिवंत प्राणी पलीकडे असताना दगडापाशी कोण थांबेल? पण रायगडातून बाग बघायला येणाऱ्या प्रत्येकाने आधी या हत्तीपाशी जावं, असं मला मनापासून वाटतं. या शहरात आपल्या आधी येऊन उभा राहिलेला तो आपला माणूस आहे.

राणीच्या बागेचं जुनं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स, आताचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पश्चिम भारताच्या कृषी-उद्यान मंडळीने, म्हणजे अ‍ॅग्रि-हॉर्टिकल्चरल सोसायटीने, ती उभी केली. या मंडळीची आधीची बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली आणि नवी बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नरच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती खुली झाली. १८७३मध्ये ती मंडळीकडून महापालिकेकडे आली. प्राणिसंग्रहालय नंतरचं, १८९०चं. हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण राणीची बाग म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पिंजरे येतात. बाग जन्मली ती झाडांसाठी. प्राणी तिच्याकडे पाहुणे म्हणून आले.

बागेच्या कडेलाच संग्रहालय आहे. १८७२मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं आणि १९७५मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. ते उभारण्यात ज्यांनी मेहनत घेतली त्यांत भाऊ दाजी होते, जगन्नाथ शंकरशेट होते, जॉर्ज बर्डवुड होते. आत मातीची छोटी छोटी माणसं आहेत: आपापला धंदा करणारी, आपापल्या जातीची पगडी घातलेली. पेणच्या माणसाने ती बघावीत. आमच्या तालुक्यात माती हातात घेऊन डोळे आखणारी माणसं आळीआळीने आहेत, आणि गणपतीच्या डोळ्यांत जीव येतो तो क्षण आम्ही पाहिलेला असतो. त्या नजरेने ही बाहुली-माणसं पाहिली, की त्यांचे अनाम कारागीर ओळखीचे वाटू लागतात.

या संग्रहालयाचा दर्शनी भाग पालाडिओच्या शैलीतला आहे. अँद्रेआ पालाडिओ हा इटलीचा वास्तुकार, १५०८मध्ये पदुआ शहरात जन्मला. त्या पदुआचा उल्लेख इथे करायलाच हवा, कारण जगातल्या बागांची गोष्ट त्या गावाला टाळून सांगता येत नाही. व्हेनिसच्या प्रजासत्ताकाने १५४५मध्ये तिथल्या विद्यापीठासाठी औषधी वनस्पतींची एक बाग लावली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना खरी वनस्पती कोणती आणि तिच्यासारखी दिसणारी घातक कोणती, हे डोळ्यांनी ओळखता यावं म्हणून. ज्या जागी लावली त्याच जागी ती आजही आहे. विद्यापीठांच्या अशा बागांत तिच्याएवढी जुनी दुसरी नाही. वर्तुळाकार बाग, आत चौकोन, चौकोनांत वाफे. १५८५मध्ये लावलेला एक ताड तिथे अजून जिवंत आहे. जर्मन कवी गटे १७८६मध्ये तो पाहून गेला, म्हणून तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. १९९७पासून ही बाग जागतिक वारसा म्हणून नोंदलेली आहे.

मला मात्र या सगळ्यापेक्षा तिची भिंत जवळची वाटते. बाग लावून झाली आणि रात्री चोऱ्या सुरू झाल्या. औषधी झाडं मोलाची, लोक उपटून नेऊ लागले. दंड ठेवला, तुरुंगाची, हद्दपारीचीही शिक्षा ठेवली. शेवटी १५५२मध्ये बागेभोवती गोल भिंत घातली. म्हणजे त्या विद्वानांनाही आधी झाडं सुचली आणि मग बांध. आमच्याकडे हे उलट होतं: आधी बांध, मग पीक. बांधावाचून काही टिकत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच.

त्याच सुमाराला आपल्या किनाऱ्यावरही एक माणूस झाडांच्या मागे लागलेला होता. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४मध्ये गोव्याला आला आणि इथल्या औषधी वनस्पतींवरचं त्याचं संवादरूप पुस्तक १५६३मध्ये गोव्यातच छापलं गेलं. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. त्या बेटावरच्या आपल्या आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळ येतं, असं त्याने लिहून ठेवलं आहे. पदुआची बाग आणि ओर्ताचं पुस्तक यांत जेमतेम १८ वर्षांचं अंतर. इटलीतले विद्यार्थी पूर्वेकडच्या ज्या औषधांची नावं पुस्तकांत वाचत होते, त्यांतली कित्येक ओर्ताच्या अंगणापलीकडे रानात उगवत होती. हे लक्षात आल्यापासून मुंबईतल्या बागा मला परक्यांनी आणलेली हौस वाटेनाशा झाल्या.

इटलीचीच आणखी एक खूण मुंबईत रोज हजारो लोक पाहतात. फ्लोरा ही रोमन लोकांची फुलांची देवी. तिचा पुतळा माथ्यावर घेतलेलं कारंजं १८६०च्या दशकात याच कृषी-उद्यान मंडळीने करवून घेतलं. त्यासाठी करसेटजी फरदुनजी पारेख यांनी २०,००० रुपये दिले. नॉर्मन शॉने आराखडा केला, जेम्स फोर्सिथने शिल्प घडवलं, दगड इंग्लंडच्या पोर्टलंडचा. ते लावायचं होतं राणीच्या बागेत. लागलं मात्र कोटातल्या भर चौकात. फुलांची देवी बागेऐवजी रस्त्यावर आली आणि त्याच चौकात २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या माणसांवर गोळीबार झाला. आज तो हुतात्मा चौक आहे. इंग्लंडला जायला निघालेला घारापुरीचा हत्ती बागेत राहिला आणि बागेत जायला निघालेली फ्लोरा चौकात राहिली. या दोघांची गाठ मी मनात अनेकदा घालून दिली आहे.

याच ठिकाणी मला रोह्याच्या चिंतामणराव देशमुखांची आठवण येते. देशाचे अर्थमंत्री म्हणून, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सगळे त्यांना ओळखतात. १९१२मध्ये मॅट्रिकला पहिले येऊन त्यांनी संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, हेही पुष्कळांना ठाऊक असतं. पण केंब्रिजला त्यांनी अभ्यास केला तो निसर्गविज्ञानाचा आणि १९१७मध्ये वनस्पतिशास्त्रातलं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं, हे आमच्या जिल्ह्यातही फार जणांना माहीत नाही. कुंडलिकेच्या काठी वाढलेला मुलगा पानांच्या शिरा मोजत मोठा झाला आणि मग देशाची तिजोरी त्याच्या हाती आली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या निर्णयावरून १९५६मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. फ्लोराच्या पायाशी सांडलेल्या रक्ताशी त्या राजीनाम्याचं नातं आहे.

देशमुख गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेपासून पाच-दहा मिनिटांच्या चालीवर एक गोल बाग होती आणि आजही आहे: हॉर्निमन सर्कल. पूर्वी हे बॉम्बे ग्रीन, कापसाच्या गासड्यांचं मोकळं मैदान. पोलीस कमिशनर चार्ल्स फोरजेट यांच्या कल्पनेतून तिथे गोल बाग आणि तिच्याभोवती कमानींच्या इमारतींचं कडं उभं राहिलं. १८७२पर्यंत हे काम पुरं झालं. नाव होतं एल्फिन्स्टन सर्कल. स्वातंत्र्यानंतर तिला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव दिलं. जालियनवाला बागेतल्या हत्याकांडाच्या बातम्या बाहेर आणल्याबद्दल सरकारने १९१९मध्ये ज्यांना देशाबाहेर काढलं, ते हे हॉर्निमन. एका बागेत मारल्या गेलेल्या माणसांची बाजू घेणाऱ्याचं नाव दुसऱ्या बागेला मिळालं. नामकरणांवरून आपल्याकडे पुष्कळ वाद होतात, पण इतकं नेमकं नाव मी दुसरं पाहिलेलं नाही. दुपारी एकच्या सुमाराला तिथे जा. आसपासच्या कचेऱ्यांतली माणसं डबे उघडून बसलेली असतात, कोणी बाकावर आडवं झालेलं असतं. गोदीतल्या माझ्या वडिलांचा रविवार जो होता, तीच यांची ती अर्ध्या तासाची सुट्टी.

आता झाडांकडे वळतो, कारण बागेला जाण्याचं खरं निमित्त तीच. राणीच्या बागेत गोरखचिंच आहे. आफ्रिकेतून आलेला हा वृक्ष, खोड एवढं जाड की चार-पाच माणसांनी कवेत घ्यावं. उन्हाळ्यात पान नसतं, फांद्या मुळांसारख्या वर पसरलेल्या. पावसाच्या तोंडाला एकदम पालवी फुटते आणि लांब देठाची पांढरी फुलं रात्री उमलतात. वटवाघळं येतात, सकाळी खाली पाकळ्या पडलेल्या दिसतात. वडिलांची मंडळी बसत ते झाड हेच, असं मी धरून चाललो आहे. त्यांना नाव ठाऊक नव्हतं, ते ‘जाड्या’ म्हणत. कैलासपतीला फुलं येतात ती थेट खोडावर. गुलाबी, जाड पाकळ्यांची, मधला भाग पिंडीवर नागाने फणा धरल्यासारखा. मूळ झाड दक्षिण अमेरिकेतलं, पण आपल्या लोकांनी त्या फुलात महादेव पाहिला आणि ते झाड आपलं करून टाकलं. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशीही इथे आहे. हिवाळा उतरताना तिच्या फांद्यांवरून तांबडे-पिवळे घोस खाली लोंबतात, तेव्हा झाडाखाली उभं राहून नुसतं वर बघत राहावं. सीता-अशोकाचे केशरी गुच्छ साधारण फाल्गुनात. काटेसावर आणि पांगारा त्याच सुमाराला पेटतात. ताम्हण, म्हणजे आपल्या राज्याचं फूल, महाराष्ट्र दिनाच्या आगेमागे जांभळं होतं, आणि मग बहावा.

म्हणून माझी विनंती अशी, की एका बागेला एकदाच जाऊ नका. सहलीला आलेली माणसं दोन तासांत बाग ‘करून’ बाहेर पडतात आणि पुन्हा जन्मात तिकडे फिरकत नाहीत. ज्या महिन्यात तुम्ही जाल त्या महिन्यात बागेतली निम्मी झाडं गप्प असतात. गप्प झाड ओळखणं अवघड आणि मोलाचं. पान नसलेल्या फांद्यांवरून, सालीवरून, खाली पडलेल्या शेंगेवरून. मे महिन्यातली उघडी गोरखचिंच ज्याने पाहिली नाही, त्याला जुलैतली हिरवीगार गोरखचिंच कळत नाही. पुस्तकात प्रत्येक झाडाच्या नोंदीत बहराबरोबर त्याच्या रित्या दिवसांबद्दलही लिहिलं आहे, ते याचसाठी.

राणीच्या बागेचा बांधही एकदा फुटायला आला होता. २००७च्या सुमाराला इथे आंतरराष्ट्रीय दर्जाचं प्राणिसंग्रहालय करण्याची मोठी योजना पुढे आली. झाडांचं आणि जुन्या रचनेचं काय होणार, ही शंका घेऊन काही नागरिक उभे राहिले. त्यांत स्त्रिया पुढे होत्या. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, लोकांना बागेत नेऊन एकेक झाड दाखवलं, वारसा समितीपुढे बाजू मांडली. ती योजना त्या रूपात पुढे गेली नाही. पुढे प्राणिसंग्रहालय वेगळ्या पद्धतीने बदललं. २०१६मध्ये सोलहून हम्बोल्ट पेंग्विन आले, २०१७मध्ये प्रवेशशुल्क ५ रुपयांवरून ५० झालं. पेंग्विन बघायला मुलं येतात, त्यांचा आनंद खरा आहे, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. शुल्काबद्दल म्हणायचं आहे. खोलीतून बाहेर पडून झाडाखाली बसायला येणाऱ्या एकट्या मजुराला आठवड्याला ५० रुपये जड जातात. प्राणी बघायचं तिकीट वेगळं आणि सावलीत बसणं फुकट, असं करता आलं तर ती बाग पुन्हा माझ्या वडिलांची होईल.

मलबार टेकडीवरच्या हँगिंग गार्डनबद्दल, म्हणजे फिरोजशहा मेहता उद्यानाबद्दल, पुस्तकात वेगळं प्रकरण आहे. ही बाग पाण्याच्या डोक्यावर आहे: खाली शहराला पिण्याचं पाणी पुरवणारा जलाशय, वर मातीचा थर, त्यावर हिरवळ आणि कातरून प्राण्यांचे आकार दिलेली झुडपं. समोरच्या कमला नेहरू पार्कातला म्हातारीचा बूट आठवत नाही असा मुंबई पाहिलेला मराठी माणूस विरळाच. पण माझं लक्ष जातं ते त्या मातीच्या थराकडे. खाली गोडं पाणी, वर झाडं, आणि ती एवढ्या उथळ मातीत जगतात. २०२३मध्ये जलाशय नव्याने बांधायचा विचार पुढे आला, तेव्हा इथल्या झाडांसाठीही नागरिक पुढे आले. खाऱ्या पाण्यापासून जमीन वाचवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना गोड्या पाण्यावर झुलणारी बाग म्हणजे काय वाटेल, ते मी त्या प्रकरणात सांगायचा प्रयत्न केला आहे.

पुण्याच्या बागांना मी कमी पानं दिली आहेत. पुणेकरांनी त्यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं आहे. तरी सारसबाग टाळता येत नाही, कारण ती मुळात बांधाचीच गोष्ट आहे. नानासाहेब पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढा अडवून तळं केलं, तळ्यात बेट ठेवलं, बेटावर बाग केली. सवाई माधवरावांच्या काळात, १७८४मध्ये, तिथे गणपती आला आणि तो तळ्यातला गणपती झाला. पुढे तळं गेलं, गणपती राहिला, आणि जिथे पेशव्यांची नाव फिरत होती तिथे आज मुलं गवतावर लोळतात. फ्लॉरेन्सची बोबोली बागही अशीच: मेदिची घराण्याची खासगी बाग, १७६६मध्ये लोकांसाठी उघडली. रोमची बोर्गेझे बाग १९०३मध्ये नगराची झाली. धन्यांची बाग रयतेची होण्याची ही वाट इटलीत आणि पुण्यात सारखीच आहे. राणीची बाग वेगळी, ती पहिल्या दिवसापासून लोकांसाठीच लावलेली. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचा सांभाळ मात्र त्याच कृषी-उद्यान मंडळीकडे आहे, जिने राणीची बाग लावली. जानेवारीत तिथे फुलांचं प्रदर्शन भरतं, ते चुकवू नये. आणि सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात जपानच्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेचा आदर्श ठेवून रचलेली हिरवळ आणि पाणी आहे. तिथे मी दर वेळी पुलावर उभा राहतो आणि ते पाणी किती सहज वाहतं ते बघतो. ते सहज वाहावं म्हणून कोणीतरी सकाळी पाच वाजता गाळ काढलेला असतो.

या पुस्तकासाठी मी ज्या माळ्यांशी बोललो, त्यांत कोकणातले बरेच निघाले. एकाचं गाव निघालं आमच्या खाडीपलीकडचं. तीस वर्षं एकाच बागेत काम केलेला हा माणूस. त्याला मी विचारलं, की सगळ्यात अवघड काम कोणतं? मला वाटलं खत, कीड, पाणी असं काही सांगेल. त्याने सांगितलं ते असं: नवीन लावलेल्या झाडाला लोकांत नाव पडेपर्यंत ते जगवायचं. नाव पडलं, की मग लोकच राखतात. ‘जाड्या’ हे नाव मला तेव्हा पुन्हा आठवलं. झाडांची शास्त्रीय नावं पुस्तकाच्या शेवटच्या यादीत आहेत. मजकुरात मी शक्यतो तीच नावं ठेवली आहेत, जी माळ्यांच्या, फुगेवाल्यांच्या आणि रोज फिरायला येणाऱ्या आजीबाईंच्या तोंडी आहेत. काही ठिकाणी एकाच झाडाची तीन नावं झाली, तीही तशीच राहू दिली.

पुस्तक हातात घेऊन कोणी रायगडातून निघणार असेल, तर त्याच्यासाठी दोन शब्द. धरमतरची लाँच आता नाही. पेणहून सकाळच्या गाडीने पनवेल, तिथून हार्बरची लोकल, कुर्ल्याला उतरून भायखळ्याची गाडी धरायची. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. दुपारचं ऊन चढायच्या आत पोचावं, पाण्याची बाटली भरून घ्यावी आणि पाय दुखतील असं धरून चालावं. भायखळ्याला पूर्वेच्या बाजूने बाहेर पडलात की बाग जवळच आहे. मुलं बरोबर असली तर ती पेंग्विनकडे ओढतील. त्यांना क्षणभर थांबवा आणि आधी संग्रहालयाच्या बाजूला, दगडी हत्तीपाशी घेऊन जा.